सहीसलामत

कुरिअरवाल्याने मोबाइल पुढे केला आणि म्हणाला, "बोटाने सही करा." माझ्या उजव्या बगलेत भलंमोठं खोकं होतं, त्यामुळे डाव्या हाताचं बोट काचेवर ओढलं. जे उमटलं ते शेवटच्या घटका मोजणाऱ्या गांडुळासारखं दिसत होतं. "चालेल," म्हणाला आणि गेलासुद्धा. माझ्या सहीवर इतका विश्वास आजवर कुणी टाकला नव्हता. बँकेतून माझेच चेक माझ्याच सहीपायी परत येतात.

खोक्यात बॅट होती. साधीसुधी नव्हे, एका गाजलेल्या संघातल्या अकरा जणांच्या सह्या असलेली. संघाचं नाव सांगत नाही, कारण त्या बिचाऱ्यांचा या प्रकरणाशी काहीच संबंध नव्हता, हे पुढे दिसेलच. सोबत प्रमाणपत्र. सोनेरी कड, चमचमणारा होलोग्राम, आणि 'सोबतची वस्तू शंभर टक्के अस्सल आहे' असं विक्रेत्याने स्वतःच लिहून खाली स्वतःच सही केलेली. बाळाने 'मी फार गुणी बाळ आहे' असं लिहून दिल्यासारखं. पण होलोग्राम उन्हात धरला की इंद्रधनुष्य दिसायचं, आणि इंद्रधनुष्य पाहून मला भरून येतं.

बॅट मी बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवली. ही आली, चष्मा कपाळावर सरकवून वाकली, आणि दोन मिनिटांनी म्हणाली, "अहो, हे सगळे एकाच बाईंच्या वर्गात होते का?"

"म्हणजे?"

"नाही, सगळ्यांचा 'एस' अगदी सारखाच वळतोय. शेपटीसकट."

विषय खरं तर तिथेच संपला होता. पण पैसे गेले की माणूस विद्वान होतो. मी दहापट मोठं दाखवणारं भिंग आणलं आणि पुढचे तीन आठवडे सह्यांच्या अभ्यासात घातले.

त्यात कळलेली पहिली गोष्ट अशी, की खरी सही गबाळी असते. हजारदा केलेली सही हात विचार न करता मारतो. पेन टेकण्याआधीच हात निघालेला असतो आणि उचलल्यावरही चालूच असतो, म्हणून रेघेची दोन्ही टोकं निमुळती होतात. नक्कल करणारा सही करत नाही, तो तिचं चित्र काढतो. सावकाश, जीभ बाहेर काढून. मग टोकं बोथट येतात, भलत्याच ठिकाणी पेन उचललेलं दिसतं आणि रेघेला बारीक कंप सुटतो. थोडक्यात, वळणदार अक्षर काढल्याबद्दल शाळेत ज्याची पाठ थोपटतात, त्याला इथे पकडतात. माझ्या बॅटवरच्या सह्या अतिशय सुवाच्य होत्या. कुणाची सही कुणावर चढलेली नव्हती. एकाच पेनाने, एकाच शाईत, अकरा जण प्रार्थनेला उभे राहावेत तशा रांगेत.

तरी मी हट्टाने ताडून पाहायला बसलो. कर्णधाराच्या खात्रीच्या सह्यांचे फोटो जमवले, तर त्या एकमेकींशीच जुळेनात. उमेदवारीच्या काळात पठ्ठ्या आडनावातलं अक्षर न् अक्षर लिहायचा. नाव झाल्यावर तीन अक्षरं उरली, आणि शेवटी शेवटी एक रेघ आणि एक झटका. बरं, हुबेहूब जुळणारी सही मिळाली म्हणूनही खूश व्हायचं नाही. माणूस दोनदा तंतोतंत सारखी सही करत नाही. ते काम ऑटोपेन नावाचं यंत्र करतं. दोन सह्या एकमेकींवर ठेवल्या आणि केसाचाही फरक दिसला नाही, तर संशय घ्यायचा. म्हणजे जुळली नाही तर खोटी, आणि फारच जुळली तर जास्त खोटी.

सही सोडून बाकी सगळं तपासावं, हे मला बेब रूथमुळे उमगलं. हा अमेरिकेचा बेसबॉलमधला देव १९४८ साली वारला. तिथल्या अधिकृत चेंडूंवर लीगच्या अध्यक्षाचं नाव छापलेलं असे, आणि जो क्रोनिन अमेरिकन लीगचा अध्यक्ष झाला १९५९ साली. तेव्हा क्रोनिनच्या नावाच्या चेंडूवर रूथची सही कुणी दाखवली, तर भिंग खिशातच राहू द्यावं. रूथने ती वरून येऊन केलेली असणार.

हा धंदा केवढा मोठा आहे, हे वाचल्यावर तर मला माझ्या बॅटचा जरा अभिमानच वाटू लागला. १९९०च्या दशकात एफबीआयने 'ऑपरेशन बुलपेन' नावाची मोहीम काढून खोट्या सह्यांची मोठी टोळी पकडली. त्या मालात मदर तेरेसांची सही असलेले बेसबॉलही निघाले. त्या कुठल्या जागेवर खेळायच्या, याचा खुलासा माझ्या वाचनात आला नाही. टोनी ग्विन या फलंदाजाला तर आपल्याच क्लबच्या दुकानात आपल्याच नावाच्या खोट्या सह्या विकायला ठेवलेल्या दिसल्या. पुढे २००१ पासून तिथल्या लीगने सही होताना शेजारी साक्षीदार उभा करायची पद्धत काढली. त्याने डोळ्यांनी पाहिलं, तरच वस्तूवर होलोग्राम चिकटतो. माझ्या बॅटच्या होलोग्रामने मात्र इंद्रधनुष्याखेरीज काहीच पाहिलेलं नव्हतं.

रूथचा धडा घेऊन मी बॅट उलटीपालटी केली. बॅट बनवणाऱ्या कंपनीचा स्टिकर अगदी नव्या धाटणीचा होता. शोधत गेलो तर असा स्टिकर बाजारात यायच्या चार वर्षं आधीच अकरातला एक जण देवाघरी गेलेला. मी विक्रेत्याला लिहिलं, सगळ्यांचा 'एस' सारखा कसा? उत्तर आलं, "एकत्र राहून खेळाडूंना एकमेकांच्या सवयी लागतात." मग मेलेल्याने सही कशी केली? उत्तर आलं, "जुना स्टॉक आहे."

बरीच खणाखणी झाल्यावर तो पैसे परत द्यायला कबूल झाला. एक अर्ज छापून, सही करून पाठवायचा होता. मी टेबलावर नीट बसून, पंखा बंद करून, आयुष्यातली सर्वांत देखणी सही केली.

दोन दिवसांनी पत्र आलं. "आपल्या अर्जावरची सही वस्तू ताब्यात घेतानाच्या सहीशी जुळत नाही. त्यामुळे अर्जाच्या खरेपणाबद्दल आम्हाला शंका आहे." पुराव्यादाखल दोन्ही सह्यांचे फोटो शेजारी शेजारी जोडले होते. डावीकडे गांडूळ, उजवीकडे मी. मी भिंग लावून पाहिलं. त्या माणसाचं काही चुकत नव्हतं.

नवा अर्ज पाठवायला पंधरा दिवसांची मुदत आहे. तेव्हापासून मी रोज रात्री डाव्या हाताच्या बोटाने मोबाइलच्या काचेवर गांडूळ काढायचा सराव करतो आहे. कालचं बऱ्यापैकी साधलंय असं वाटलं, म्हणून हिला दाखवलं. हिने भिंग मागून घेतलं, वाकून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "अहो, फार सावकाश काढताय. शेपटी बोथट येतेय."