खुलासा: प्रिंटरचं हेड क्लीनिंग रोज करू नका

इंदूरच्या मराठी व्हॉट्सॲप गटांत सल्ला फिरतोय: उन्हाळ्यात शाई वाळू नये म्हणून इंकजेट प्रिंटरचं हेड क्लीनिंग, म्हणजे कागदावर शाई सोडणाऱ्या हेडची प्रिंटरनंच केलेली सफाई, रोज करा. हे चूक आहे. प्रत्येक क्लीनिंगला शाई ओढली जाऊन आतल्या वेस्ट पॅडमध्ये (वाया शाई शोषणाऱ्या गादीत) जाते. पॅड भरला की बरेच प्रिंटर छापणंच थांबवतात. शाई वाळू नये म्हणून आठवड्याला एक रंगीत पान छापलं तरी पुरे. प्रिंटर मात्र त्याच्याच बटणानं बंद करा. भिंतीवरच्या स्विचनं वीज तोडली तर हेड रबरी टोपीवर न बसता उघडं राहू शकतं, आणि अशानं शाई वाळते. छपाईत रेघा तुटल्या तर नोझल चेक (हेडची सगळी छिद्रं शाई सोडतात का ते दाखवणारं चाचणी पान), एक क्लीनिंग, पुन्हा चेक. 3 वेळा करूनही फरक नसेल तर 12 तास बंद ठेवा. टाकीतली शाई खालच्या खुणेखाली असताना क्लीनिंग मुळीच नको. नळीत हवा शिरते.