आर्ट्सची मुलगीही रजिस्टर्ड नर्स होते

बारावीचा निकाल लागला की रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. सायन्स नसेल तर नर्सिंग विसरा. जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा) बंद होतंय. जीएनएमला ना सरकारी नोकरी, ना परदेश. आणि बीएस्सी परवडत नसेल तर तालुक्याला एक वर्षाचा कोर्स करा, काम तेच असतं. मी वॉर्डात नर्सिंगच्या मुलींना शिकवते. हा मेसेज वाचून आईवडील निर्णय घेतात, म्हणून उत्तर देणं भाग आहे.

सायन्सची अट बीएस्सी नर्सिंगला आहे. ४ वर्षांच्या त्या पदवीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, इंग्रजी आणि सीईटी लागते. ३ वर्षांच्या जीएनएमला बारावी कुठल्याही शाखेची चालते. इंग्रजी विषय हवा आणि ४० टक्के हवेत. दापोलीची आर्ट्सची मुलगी असो की मालवणची कॉमर्सची, कोर्स पूर्ण झाला की महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलमध्ये, म्हणजे राज्यातल्या नर्सची नोंदणी करणाऱ्या संस्थेत, तिचीही नोंद रजिस्टर्ड नर्स आणि रजिस्टर्ड मिडवाइफ (प्रशिक्षित सुईण) म्हणूनच होते. २ वर्षांचं एएनएम (ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ) वेगळं. त्याची नोंदणीही वेगळी, त्यामुळे फॉर्म भरताना गल्लत करू नका.

जीएनएम बंद करण्याची चर्चा काही वर्षांपूर्वी झाली होती हे खरं, पण प्रवेश अजून होतात. शिवाय जीएनएमनंतर २ वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी करून पदवी मिळते, पुढे एमएस्सीही करता येतं. वर्ष एक जास्त जातं, पण मधे नोकरी करून घराला हातभार लावता येतो. आमच्याकडच्या कितीतरी मुलींना हेच जमण्यासारखं असतं. तुमच्या मुलीकडे सायन्स असेल आणि घर ४ वर्षं थांबू शकत असेल, तर मात्र मी बीएस्सीच सुचवीन. शिकवण्याकडे जायचं असेल तर तो रस्ता सरळ आहे, आणि काही देश पदवीच मागतात.

पण म्हणून दारं बंद नाहीत. एम्सच्या नर्सिंग ऑफिसर भरतीला जीएनएम चालतं, फक्त नोंदणी आणि किमान ५० खाटांच्या रुग्णालयातला २ वर्षांचा अनुभव लागतो. ब्रिटनमध्येही जीएनएम झालेल्या आपल्या मुली काम करताहेत. तिथे इंग्रजीची आणि कौशल्याची परीक्षा द्यावी लागते.

आता तो एक वर्षाचा कोर्स. मेसेजमधला सगळ्यात घातक सल्ला हाच. अशी एक मुलगी सर्टिफिकेट घेऊन माझ्याकडे आली होती. सोनेरी कडा, मोठ्या अक्षरांत 'नर्सिंग', खाली बारीक अक्षरांत 'असिस्टंट'. वडिलांनी होडीच्या इंजिनासाठी ठेवलेले पैसे फीत गेले होते. कौन्सिलमध्ये तिची नोंद होऊ शकत नव्हती, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. रुग्णसेवा करणं कमीपणाचं मुळीच नाही, पण ते नर्सिंग म्हणून विकणं ही फसवणूक आहे.

काम तेच असतं, असं म्हणणाऱ्यांनी लेबर रूममध्ये जीएनएमची विद्यार्थिनी बघावी. पोटावर हात ठेवून ती कळा मोजते, दर अर्ध्या तासाने बाळाचे ठोके ऐकून पार्टोग्राफवर, म्हणजे बाळंतपणाच्या प्रगतीच्या तक्त्यावर, टिंब मांडते. ठोके मिनिटाला ११०च्या खाली गेले की वाट न बघता डॉक्टरांना बोलावते. हे सिस्टरच्या नजरेखाली पुन्हा पुन्हा केल्याशिवाय हातात बसत नाही. नोंदणी नसलेल्या मुलीच्या हातून इंजेक्शन चुकलं तर तिच्या पाठीशी कुठलीच कौन्सिल नसते, आणि पेशंटचं तर काय होईल ते होईल.

फी भरण्याआधी संस्थेला लेखी विचारा: हा कोर्स केल्यावर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी मिळते का, आणि मुली क्लिनिकलला, म्हणजे वॉर्डातल्या प्रत्यक्ष सरावाला, कुठल्या रुग्णालयात जातात? मग त्या रुग्णालयात स्वतः जाऊन वॉर्ड बघा. संस्थेचं नाव कौन्सिलच्या यादीत आहे का तेही तपासा. कर्नाटकात शिकायला पाठवत असाल तर आधी तिथल्या कौन्सिलची नोंदणी आणि मग इकडची, हे धरूनच वेळेचा हिशोब करा.