एरर वाचायचा नसतो, भाऊ

सकाळचे अकरा. नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या प्लांटमध्ये मुख्य सॅपमधून (कंपनीचा कारभार चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून) गोदामाच्या सॅपला एकही डिलिव्हरी जात नाहीये. ट्रक डॉकला लागलेत, फोर्कलिफ्टवाले कूलरसमोर बसलेत. तुम्ही फक्त एसएम५९ (दुसऱ्या सिस्टिमशी जोडणीची सॅपमधली स्क्रीन) उघडा, गोदामाच्या डेस्टिनेशनवर (म्हणजे तिकडच्या जोडणीच्या नोंदीवर) ‘कनेक्शन टेस्ट’ दाबा आणि लाल अक्षरं दिसताच मोबाइल काढा. फोटो जरा तिरपा हवा. ‘पार्टनर नॉट रीच्ड’ ही वरची ओळ यायला हवी. खालचा रिटर्न कोड आणि तो पाच आकडी नंबर मात्र कापलाच गेला पाहिजे. फोटो ग्रुपवर टाका, खाली ‘अर्जंट’ लिहा. झालं तुमचं काम.

कारण तो नंबर वाचला की सगळी मजाच जाते. १००६१ म्हणजे समोरचं मशीन भेटलं, पण त्या पोर्टवर (मशीनच्या त्या नंबरच्या दारावर) ऐकायला कोणी बसलेलं नाही: गेटवे (सॅपचा बाहेरचे कॉल घेणारा भाग) बंद आहे किंवा तुम्ही इन्स्टन्स नंबर (त्या सर्व्हरवरच्या सॅपचा दोन आकडी क्रमांक) चुकीचा टाकलाय. १००६० म्हणजे होकारही नाही, नकारही नाही; बहुतेकदा मधल्या फायरवॉलनं पॅकेट गिळलेलं असतं. ‘होस्टनेम अननोन’ आलं तर नावच ओळखलं गेलं नाही, म्हणजे मशीनच्या नावावरून पत्ता शोधणारं डीएनएस नाहीतर होस्ट्स फाइल बघायची. पहिलं काम बेसिसवाल्याचं (सॅपचे सर्व्हर सांभाळणाऱ्याचं), दुसरं नेटवर्कवाल्याचं, तिसरं जो डीएनएस सांभाळतो त्याचं. एवढं कळलं तर एकाच माणसाला फोन करावा लागेल आणि अठरा जणांची कॉन्फरन्स भरवायला काही कारणच उरणार नाही.

त्या कॉन्फरन्समध्ये एक वाक्य तुमच्या नावानं राखीव आहे: ‘माझं लॉगिन तर चालू आहे ना, मग नेटवर्क कसं खराब असेल?’ हे ठासून म्हणा. सॅपचं लॉगिन ३२ नं सुरू होणाऱ्या पोर्टवर जातं आणि आरएफसी, म्हणजे एका सॅपनं दुसऱ्याला केलेला कॉल, ३३ नं सुरू होणाऱ्या गेटवेच्या पोर्टवर. शेवटचे दोन आकडे इन्स्टन्सचे. इन्स्टन्स ०० असेल तर ३२०० आणि ३३००. फायरवॉलच्या अर्जात तुम्हीच फक्त ३२०० लिहिलं होतं, हे कोणाला आठवू देऊ नका. कोणी पॉवरशेलमधून ‘टेस्ट-नेटकनेक्शन’नं ३३०० तपासू लागला, तर त्याला थांबवा आणि पिंग करून दाखवा. पिंग पोर्टबद्दल काहीच सांगत नाही, पण चार ओळींचं उत्तर आलं की साहेब खूश. लोड बॅलन्सिंग (काम अनेक सर्व्हरवर वाटणं) लावलं असेल तर आणखी बहार: ते वाटप करणाऱ्या मेसेज सर्व्हरचा ३६ नं सुरू होणारा पोर्टही उघडा लागतो, आणि तो ज्या ॲप्लिकेशन सर्व्हरकडे पाठवतो त्याचं नाव तुमच्या मशीनला ओळखता आलं पाहिजे. इथे दोन दिवस आरामात जातात.

काहीच सुचलं नाही तर रस्त्याच्या सिमेंटीकरणात जेसीबीनं फायबर तोडली म्हणा. नागपुरात यावर कोणी पुरावा मागत नाही.

समजा, पोर्ट उघडला. कनेक्शन टेस्ट पास! ग्रुपवर अंगठा टाका आणि तर्री पोहे खायला निघा. मेन्यूतल्या ‘ऑथोरायझेशन टेस्ट’कडे बघूसुद्धा नका. पहिली टेस्ट फक्त रस्ता आहे का ते बघते. युजर, पासवर्ड बरोबर आहे का, ते दुसरी सांगते. डेस्टिनेशनमध्ये कोणातरी जिवंत माणसाचा डायलॉग युजर (तो रोज स्वतः लॉगिन करतो तोच) टाकलेला असणं उत्तम. तो एक दिवस आपला पासवर्ड बदलतो, इकडे डेस्टिनेशन जुन्याच पासवर्डनं दार ठोकत राहतं, आणि डिफॉल्ट सेटिंगला ५ चुका झाल्या की युजर लॉक. तुम्ही एसयू०१ मध्ये (युजर सांभाळायच्या स्क्रीनवर) जाऊन अनलॉक करा. मग पुन्हा लॉक होईल. पुन्हा अनलॉक करा. सिस्टिम टाइपचा (सिस्टिमनं सिस्टिमशी बोलायचा) युजर केला तर पासवर्ड संपण्याची कटकटच नाही, आणि एस_आरएफसी या परवानगीमध्ये लागतील तेवढेच फंक्शन ग्रुप दिले तर ऑडिटवाल्यालाही विचारायला काही उरत नाही. म्हणून सरळ सॅप_ऑल, म्हणजे सगळ्याच परवानग्या द्या.

तोवर एसएमक्यू१ मध्ये (बाहेर जाणाऱ्या कॉलच्या रांगेच्या स्क्रीनवर) रांग साचलेली असेल, स्टेटस ‘सीपीआयसीईआरआर’, म्हणजे जोडणीची चूक. कनेक्शन सुधारल्यावर ती पुन्हा चालवता येते, पण तुमचा हात डिलीटवरच जाऊ द्या. त्या डिलिव्हऱ्या गोदामाला कधीच कळणार नाहीत. स्टॉक का जुळत नाही ते मार्चअखेर बघू.

आणि प्रॉडक्शनची (खऱ्या कामाच्या सिस्टिमची) कॉपी करून क्वालिटी (चाचणीची) सिस्टिम बनवाल, तेव्हा बीडीएलएस हा प्रोग्रॅम चालवून घरी जा. त्यानं लॉजिकल सिस्टिमची नावं (सॅप एकमेकांना ज्या नावांनी ओळखतात ती) बदलतात. एसएम५९ मधला होस्ट मात्र प्रॉडक्शनच्या गोदामाचाच राहतो. दुसऱ्या दिवशी ट्रेनी क्वालिटीत ९९९ ड्रमांची डिलिव्हरी टाकेल, शेऱ्यात लिहील ‘टेस्ट आहे, पाठवू नका’. ती थेट खऱ्या गोदामात उतरेल. फोर्कलिफ्टवाला माल काढायला लागेल, कारण त्याच्या हँडहेल्डच्या स्क्रीनवर शेऱ्याची ओळ मावत नाही.