दुपारी दोनला पेवर ब्लॉकवर अनवाणी उभं राहून बघा

परवा आई फोंड्याहून आमच्याकडे, पणजीजवळच्या पर्वरीला आली. अंगणात शिरायच्या आधी चप्पल काढायची तिची जुनी सवय, गेटवरच काढली, दोन पावलं टाकली आणि ओरडली, "पांय लासतात रे पुता!" मेव्हणा एसी रिपेअरिंग करतो, त्याची टेंपरेचर मोजायची गन घरीच पडलेली, म्हणून मोजलं. पेवर ब्लॉक 57 डिग्री. चार पावलांवर आंब्याखाली पातेरा, म्हणजे गळलेली सुकी पानं, बाजूला करून माती मोजली तर 32. एकाच कंपाउंडमधे, एकाच मिनिटाला!

पेपरात पणजीचं टेंपरेचर येतं ते खोटं नसतं, पण ते आल्तिनोच्या वेधशाळेतलं, सावलीतल्या पेटीत छातीच्या उंचीवर ठेवलेल्या थर्मामीटरचं, म्हणजे हवेचं. पायाखाली काय तापतंय ते त्यात दिसतच नाही.

कोणीतरी म्हणेलच की पर्वरी म्हणजे मुळात सडाच, उघडं खडकाळ पठार, आधीपासून तापायचाच. खरंय, मे महिन्यात उघडा जांभा पण तव्यासारखा व्हायचा, दुपारच्या सॅटेलाइट नकाशात कोरडा सडा वस्तीपेक्षा लाल दिसू शकतो. फरक रात्री कळतो. सड्याची गरमी थेट आकाशात जायची, आता ती दोन बिल्डिंगींच्या मधे ह्या भिंतीवरून त्या भिंतीवर फिरत बसते आणि वर प्रत्येक बाल्कनीतला एसी आतली गरमी त्यातच ओततो. रात्री साडेनऊला आमच्या पश्चिमेच्या भिंतीला हात लावला तर चुलीमागची भिंत वाटते. शहराची रात्र गावापेक्षा गरम असते हे ल्यूक हॉवर्ड नावाच्या औषधं बनवणाऱ्या माणसाने लंडनमधे दोनशे वर्षांपूर्वी रोज टेंपरेचर लिहून दाखवलं होतं, आणि आमच्याकडे अजून "यंदा उन्हाळा जरा जास्तच" एवढ्यावरच गप्पा संपतात.

शेत बुजवलं की नुकसान ह्याहून मोठं. एक लिटर पाणी वाफ होऊन जाताना साधारण 2400 किलोज्यूल उष्णता घेऊन जातं, म्हणजे एक टनाचा एसी अकरा-बारा मिनिटं फुल चालवून काढेल तेवढी. ताळगाव, मेरशीची ओली शेतं हे काम फुकट करायची, बिल नाही की सर्व्हिसिंग नाही. भराव घातला की ते बंद. 2023 च्या मार्चमधे 9 आणि 10 तारखेला उष्णतेमुळे गोव्यातल्या शाळा दुपारच्या आत सोडल्या तेव्हा सगळे हळहळले, आणि पुढच्याच वर्षी टीसीपी म्हणजे नगरनियोजन कायद्यात कलम 39ए आलं, जमिनीचा झोन बदलायला अजून एक दार.

पण सरकारला शिव्या घालणं सोपं, ब्लॉक तर आम्हीच घातले ना. पातेरा पडतो, झाडायला माणूस मिळत नाही, पावसात चिखल होतो, गाडीचे टायर घाण होतात, ही आमच्या कॉलनीतली कारणं, आणि मी पण तेव्हा हात वर केलेला.

आता आंब्याखालच्या उरलेल्या पट्ट्याचं कोटेशन आलंय, आंबा तोडायचे पैसे त्यातच धरून. मीटिंग रविवारी सकाळी दहाला होती, मी दुपारी दोनला ठेवायला लावलीय. बाहेर, ब्लॉकवर, खुर्च्या टाकून.