जांबोटीचा फोन लागत नाही

बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यातल्या एका पतसंस्थेची सभासद-यादी सी भाषेतील एका जुन्या प्रोग्रामवर चालते, आणि तो लिहिणारे गृहस्थ पुण्यास निघून गेल्यापासून त्याची शुश्रूषा माझ्याकडे आली आहे. यादीच्या प्रत्येक ओळीत नाव, फोन, गाव आणि जिल्हा स्वल्पविरामांनी वेगळे केलेले असतात, व ही ओळ तोडण्याचे काम ‘स्ट्रटॉक’ नावाचे फंक्शन करते. ते मूळ ओळीतील स्वल्पविराम पुसून तेथे शून्य बाइट, म्हणजे ‘मजकूर येथे संपला’ अशी खूण, बसवते; वाटणीला बसलेल्या पंचांनी मूळ उताराच फाडून तुकडे हाती द्यावेत, तसा हा प्रकार. शिवाय लागून आलेले दोन स्वल्पविराम ते एकच समजते. त्यामुळे जांबोटी गावच्या ज्या आजोबांकडे फोन नाही, त्यांचे गाव फोनच्या रकान्यात सरकते, जिल्हा गावाच्या जागी जातो आणि जिल्ह्याचा रकाना रिकामा राहतो.

“ओ सर, जांबोटी लावून बघितलं, लागंना की!” असे लिपिकबाईंनी मला गंभीरपणे कळवले.

सीमाभागात आमचा वाद राज्याचा आहे. जिल्ह्याविषयी कोणालाच शंका नव्हती, ती या फंक्शनने निर्माण केली.

तोडण्यापेक्षा नक्कल करणे अधिक जिकिरीचे. जिल्ह्यासाठी २० बाइटांची जागा राखलेली होती. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला आणि मात्रेला ३ बाइट लागतात, म्हणून ‘बेळगाव’ १८ बाइटांत आणि शेवटच्या शून्यासह १९ मध्ये सुखाने राहत असे. १ नोव्हेंबर २०१४ रोजी कर्नाटक सरकारने नाव ‘बेळगावी’ केले आणि एका वेलांटीने मजकूर २१ वर गेला. नक्कल करणाऱ्या ‘स्ट्रएनकॉपी’ या फंक्शनने निमूटपणे २० बाइट उतरवले, वेलांटीचा एक बाइट बाहेर ठेवला आणि शेवटचे शून्य दिलेच नाही. (जुन्या युनिक्स या संगणक-प्रणालीतील १४ बाइटांच्या फाइलनावांसारख्या ठरीव रकान्यांसाठी ते जन्मले, तेथे शून्याची सक्ती नव्हती.) शून्य न सापडल्याने छपाई थांबेना, आणि जिल्ह्यापुढे प्रश्नचिन्ह व त्याला चिकटून शेजारचा खातेक्रमांक उमटू लागला.

आता तोडणीला ‘स्ट्रसेप’ आहे, ते रिकामा रकाना रिकामाच परत देते. नकलेला ‘एसएनप्रिंटएफ’ आहे, ते शून्य विसरत नाही. आणि जिल्ह्याला ६४ बाइट दिले आहेत. व्यवस्थापकांनी हळूच विचारले, “कन्नडमध्ये लिहिलं तर बसंल काय ओ?” मी मोजून सांगितले, तेथेही २१च लागतात.