डावखुरं मूल म्हणजे जन्मजात आर्किटेक्ट?

१३ ऑगस्टला, जागतिक डावखुरे दिनाला, व्हॉट्सॲपवर एक मजकूर हमखास फिरतो. डावखुऱ्यांचा उजवा मेंदू जास्त चालतो, म्हणून नकाशे, आकार, त्रिमिती त्यांना उपजतच कळते. पुरावा? लिओनार्दो दा विंची, आइनस्टाइन, सचिन. शेवटी सल्ला: मूल डावखुरं असेल तर आर्किटेक्चरला घाला.

डाव्या हातावर पिढ्यानपिढ्या फटके बसले. त्याची भरपाई म्हणून हे कौतुक चाललं असेल तर समजू शकतो. पण दावा टिकत नाही.

पायाच कच्चा आहे. डावा हात मेंदूच्या उजव्या अर्ध्याकडून चालतो हे खरं. म्हणून सगळा विचार तिकडेच होतो असं मात्र नाही. भाषेचंच घ्या. २००० साली संशोधक क्नेख्ट आणि सहकाऱ्यांनी जर्मनीत तपासलं, तर पक्क्या डावखुऱ्यांतही जेमतेम २७ टक्के लोकांचं भाषेचं काम मेंदूच्या उजव्या अर्ध्यात चालताना दिसलं. उरलेल्यांचं डावीकडेच, उजव्या हाताने लिहिणाऱ्या बहुतेकांसारखं.

आता 'उपजत कळतं'बद्दल. ठोकळ्यांच्या दोन आकृत्या दाखवायच्या, एक फिरवलेली. वस्तू तीच की आरशातली, हे मनातल्या मनात ओळखायचं. मानसशास्त्रज्ञ शेपर्ड आणि मेट्झलर यांची १९७१ची ही चाचणी आजही वापरात आहे. अशा चाचण्यांचे अनेक अभ्यास २०१५ साली एकत्र तपासले गेले, तेव्हा सरासरीत किंचित सरस ठरले ते उजवे! फरक इतका बारीक की त्यावरून समोरच्या एका माणसाबद्दल काहीच सांगता येत नाही. तेव्हा उजव्यांनीही कॉलर ताठ करू नये. २०१७ साली इटलीतल्या २,३०० हून अधिक विद्यार्थ्यांच्या अभ्यासात गणिताच्या अवघड प्रश्नांत डावखुरे पुढे दिसले, हेही सांगायला हवं. पण तेही वय, लिंग आणि प्रश्नाचा प्रकार यांनुसार बदलत होतं.

नावांची यादी तर गंमतच. लिओनार्दो डावखुरा, मान्य. आइनस्टाइन उजव्या हाताने लिहायचा. फळ्यासमोरचे फोटो पाहा. सचिन लिहितो डाव्याने, बॅट धरतो उजव्या फलंदाजासारखी, मग त्याला कुठल्या खात्यात टाकायचं? दहातला एक माणूस डावखुरा असताना अशी यादी कुठल्याही गुणाची करता येते, आळशी लोकांचीसुद्धा.

राहिला आर्किटेक्चरचा सल्ला. संशोधक उटाल आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली २१७ अभ्यास एकत्र पाहिले: आकार मनात फिरवण्याची ही क्षमता सरावाने वाढते, आणि सराव थांबल्यावरही टिकते. तेव्हा मूल कुठल्या हाताने लिहितं यावरून आर्किटेक्चर ठरवू नका.