टीपीएम क्लिअर करून पीसीआर जुळत नाहीत

“बूटला पीसीआर जुळला नाही म्हणजे टीपीएम चिप गेली, नाहीतर कुणीतरी मशीन हॅक केलं. बायोसमध्ये जाऊन टीपीएम क्लिअर करा, सगळं पूर्ववत होईल.” हा सल्ला सध्या जिकडेतिकडे फिरतोय. (टीपीएम म्हणजे की सुरक्षित ठेवणारी मशीनमधली चिप, आणि पीसीआर म्हणजे तिच्यातले रजिस्टर.) कृपया तो पाळू नका. त्यातल्या शेवटच्या वाक्यापायी डेटा जातो, म्हणून उत्तराला तिथूनच सुरुवात करतो.

क्लिअर केल्याने पीसीआर सुधारत नाहीत. बूटची मोजमापं साठवणारे हे रजिस्टर प्रत्येक रीबूटला तसेही नव्याने सुरू होतात. फर्मवेअर त्यांत तीच मोजमापं पुन्हा भरतं आणि तीच न जुळणारी व्हॅल्यू पुन्हा समोर येते. क्लिअरने पुसलं जातं ते वेगळंच. टीपीएम २.० मध्ये स्टोरेजचं मूळ बीज बदलतं, आणि त्यावर उभ्या असलेल्या सगळ्या की कायमच्या निकामी होतात. डिस्कची सील केलेली की, म्हणजे पीसीआर ठरलेल्या व्हॅल्यूंशी जुळले तरच चिप सोडते ती, तीसुद्धा त्यातच आली. क्लिअर करण्याआधी निदान एक वाट मोकळी होती: जो बदल झाला तो मागे घ्यायचा, व्हॅल्यू पहिल्यासारखी होते आणि डिस्क उघडते. क्लिअर केलं की ती वाट बंद. मग बिटलॉकरची (विंडोजमधलं डिस्क एन्क्रिप्शन) ४८ अंकी रिकव्हरी की नसेल तर डिस्क गेलीच समजा.

आता “चिप गेली” याबद्दल. बरोबर काय, चूक काय, हे चिपला ठाऊकच नसतं. जुनी व्हॅल्यू आणि नवं मोजमाप एकापुढे एक ठेवून त्यांचा हॅश, म्हणजे ठरावीक लांबीचा गणिती ठसा, काढायचा, एवढंच ती करते. म्हणून एका बाइटचा फरक पडला, किंवा क्रम जरी बदलला, तरी शेवटचा आकडा पार वेगळा येतो. तो वेगळा आला याचा अर्थ चिपने आपलं काम चोख केलं.

“हॅक झालं” ही शक्यता मात्र मी उडवून लावणार नाही. तपास त्यासाठीच करायचा. पण आधी कुठला रजिस्टर बदलला ते बघा. ० मध्ये फर्मवेअरचा कोड, २ मध्ये बाहेरून जोडलेल्या कार्डांचे ऑप्शन रॉम (कार्डाचा स्वतःचा बूट कोड), ४ मध्ये बूटलोडर, ७ मध्ये सिक्युअर बूटची (फक्त सही केलेला कोड सुरू होऊ देणारी सोय) स्थिती आणि त्याच्या की-याद्या. फक्त २ बदलला असेल तर डॉक काढून पुन्हा बूट करून बघा. फक्त ७ बदलला असेल तर बाद ठरवलेल्या सह्यांची यादी, म्हणजे डीबीएक्स, अपडेट झाली का ते तपासा. (सिक्युअर बूट बंद करून बघा असंही काही जण सुचवतात. त्याने ७ आणखी बदलतो.)

खरं कारण इव्हेंट लॉगमध्ये, म्हणजे बूटच्या प्रत्येक मोजमापाच्या नोंदवहीत असतं. नुसत्या व्हॅल्यूवरून मागे जाता येत नाही, कारण हॅश उलटा फिरवता येत नाही. लॉगमधले हॅश क्रमाने पुन्हा जोडत जा आणि आलेलं उत्तर चिपमधल्या व्हॅल्यूशी ताडून बघा. जुळलं तर लॉग खरा. मग तो जुन्या लॉगशेजारी ठेवा, वेगळी ओळ लगेच सापडते. ताडताना बँकही (एका हॅश पद्धतीचा रजिस्टरसंच) एकच हवी: एसएचए-१ चा लॉग एसएचए-२५६ च्या व्हॅल्यूशी कधीच जुळणार नाही.

एका मशीनवर माझे बाकी सगळे रजिस्टर जुळत होते, फक्त ० जुळेना. अर्धा दिवस मी फर्मवेअरवर संशय घेत बसलो. मग लॉगमधली ‘स्टार्टअप लोकॅलिटी’ (टीपीएम कुठल्या पातळीवरून सुरू केला गेला) ही नोंद नीट वाचली. तिथे ३ होता. म्हणजे त्या मशीनचा पीसीआर ० निव्वळ शून्यापासून सुरू होत नव्हता. त्याचा शेवटचा बाइट ३ होता. सुरुवात तिथून धरली आणि पहिल्याच फेरीत व्हॅल्यू जुळली. मशीन धडधाकट होतं, चूक माझ्या गणितात होती.

बदल आपणच केलेला आहे याची खात्री पटली की रिकव्हरी कीने डिस्क उघडा आणि की नव्या मोजमापांवर पुन्हा सील करा. बिटलॉकरमध्ये त्यासाठी संरक्षण स्थगित करून परत चालू करायचं. लिनक्सवर सिस्टमडी-क्रिप्टएन्रोल या कमांडने टीपीएमचा जुना स्लॉट (की ठेवण्याची जागा) काढून नवा घालायचा. आणि आज सगळं जुळत असेल तर आजचाच इव्हेंट लॉग दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवा.